केमिकल कंपनीत नवीन लागलाय? मेडिकलची फाईल पहिल्या दिवसापासून अशी सांभाळा

जॉइनिंगच्या दिवशी काय होतं ते आधी सांगतो. सकाळी नऊला दहाबारा पोरं ओएचसीच्या बाहेर बाकड्यावर बसलेली, हातात आधारची झेरॉक्स आणि चार फोटो. वजन, उंची, बीपी, डोळ्यांचा तक्ता, रक्ताची एक ट्यूब, लघवीची एक डबी, छातीचा एक्स-रे. डॉक्टर विचारतात काही त्रास आहे का, पोरगं म्हणतं नाही सर, फिटचा शिक्का पडतो आणि दुपारी माणूस प्लांटवर. ओएचसी म्हणजे कंपनीतला दवाखाना, गेटच्या आत दोन कॉट, एक ऑक्सिजन सिलिंडर आणि सगळ्यांच्या फायलींचं एक लोखंडी कपाट. कोकणातल्या एका केमिकल एमआयडीसीत मी पंधरा वर्षं मेल नर्स होतो, ते कपाट माझ्या ताब्यात होतं.

त्या फायली चाळून चाळून एक गोष्ट पक्की कळली. एकट्या रिपोर्टवरून काही समजत नाही, त्याच माणसाचा आधीचा रिपोर्ट शेजारी ठेवला तरच समजतं की अंगात काही साचतंय का, फुफ्फुस कमी पडायला लागलंय का. आणि तो आधीचा रिपोर्ट नेमका सापडत नाही, कारण कंपनी बदलली, ठेकेदार बदलला, लॅब बदलली. म्हणून तुमची स्वतःची फाईल तुमच्या घरी पाहिजे. ती कशी तयार करायची, कुठली तपासणी कधी मागायची, सॅम्पल कसं द्यायचं, सगळं क्रमाने लिहितोय. तारापूर, तळोजा, महाड, लोटे, कुरकुंभ, कुठेही लागला असाल तरी हे लागू आहे, फाउंड्रीत, प्लेटिंगमध्ये किंवा बॅटरीच्या कामात असाल तरीही.

पायरी १: हाताळतो तो माल नावानिशी ओळखा

प्लांटवर मालाला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. तो पिवळा माल, दोन नंबरचा ड्रम, आरएम थ्री, असंच चालतं, आणि दहा वर्षांनी डॉक्टरने विचारलं कशात काम करायचा तर माणूस म्हणतो केमिकलमध्ये. यावरून कुठलाच डॉक्टर काही काढू शकत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच एक साधी वही करा आणि ड्रमवरचं पूर्ण नाव आणि त्याच्याजवळ असतो तो कॅस नंबर उतरवून घ्या. मधे दोन डॅश असलेला आकडा असतो तो. बेंझीनचा ७१-४३-२, अॅनिलीनचा ६२-५३-३. नाव कंपनीगणिक बदलतं, हा नंबर जगात कुठेही तोच राहतो.

लेबलवरची चित्रं बघायला शिका. लाल चौकटीत कवटी असेल तर माल लगेच विषारी. माणसाच्या छातीवर चांदणी फुटल्यासारखं चित्र असेल तर त्याचा परिणाम हळूहळू होतो, कॅन्सर, दम्याची अॅलर्जी, एखाद्या अवयवाला इजा, असलं काही. नवीन पोरं कवटीला घाबरतात आणि चांदणीकडे बघतही नाहीत, तर मेडिकलची तपासणी मुख्यतः या चांदणीवाल्या मालासाठीच असते.

मग सेफ्टी ऑफिसरकडे त्या मालाचा एसडीएस, म्हणजे सेफ्टी डेटा शीट, मालाच्या धोक्याची माहिती देणारा कागद, मागा. सोळा भाग असतात, सगळे वाचायची गरज नाही, आठवा भाग हवेत किती चालतं आणि कुठला मास्क लागतो ते सांगतो, अकरावा भाग शरीरावर काय होतं ते सांगतो. त्या दोन पानांचे फोटो काढून ठेवा. मागायला लाजू नका, तो हक्क आहे. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ ला गॅस सुटला त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं अख्खं प्रकरण घातलं गेलं, आणि मालाचा धोका कामगाराला सांगणं कंपनीवर बंधनकारक झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लेबर कोड लागू झालेत आणि कारखाना कायद्याची जागा सुरक्षा आणि आरोग्याच्या नव्या कोडने घेतलीय, कलमांचे नंबर बदलले, पण मूळ गोष्ट तीच आहे: धोकादायक प्रक्रियेत घालण्याआधी तपासणी, काम चालू असताना जास्तीत जास्त बारा महिन्यांनी तपासणी, ते काम सोडल्यावरही तपासणी, आणि कामगाराचं हेल्थ रेकॉर्ड नीट ठेवणं. बऱ्याच केमिकल कंपन्यांत ही तपासणी दर सहा महिन्यांनी होते.

पायरी २: जॉइनिंगची तपासणी, हिला बेसलाइन म्हणतात

नोकरी मिळवायच्या घाईत सगळ्यात जास्त वाट हिचीच लागते. लहानपणी दमा होता, टीबीचा कोर्स झालाय, फिट येते, हे पोरं लपवतात कारण अनफिट केलं तर काय. मला त्यांची भीती कळते, घरी पगाराची वाट बघत असतात. पण दमा लपवून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, फोमच्या प्लांटवर गेलात तर सहा महिन्यांत जीवावर बेतू शकतं, आणि तोच दमा सांगितला असता तर कदाचित युटिलिटीत किंवा स्टोअरमध्ये काम मिळालं असतं.

आधी कुठे कुठे काम केलं ते सगळं सांगा. एक पोरगा आमच्याकडे आला, कागदावर फ्रेशर, आणि बोलता बोलता कळलं की त्याआधी दोन वर्षं जुन्या बॅटऱ्या तोडायच्या शेडमध्ये होता. ती नोकरी त्याच्या मते नोकरीच नव्हती, कारण पगार रोख, हजेरी कार्ड नाही. त्याच्या रक्तातलं शिसं आम्ही तेव्हाच मोजलं म्हणून बरं, नाहीतर वर्षभराने आकडा दिसला असता आणि तो आमच्या प्लांटचा की जुना, हे कुणालाच सांगता आलं नसतं. वेल्डिंग, भट्टी, दगडाची खाण, शेतात फवारणी, पेट्रोल पंप, घरचा रंगकामाचा धंदा, सगळं सांगा, किती महिने ते पण.

बेसलाइन का लागते त्याचं सगळ्यात सोपं उदाहरण कीटकनाशकांचं आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं रक्तातल्या कोलिनएस्टरेज नावाच्या एन्झाइमवर परिणाम करतात. यवतमाळमध्ये २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले ते सगळ्यांना आठवत असेल, तिथे जी औषधं मारली जात होती त्यातली काही याच गटातली. हे एन्झाइम माणसागणिक खूप वेगळं असतं, तुमचं मुळातच वरच्या बाजूला असेल तर निम्म्यावर येऊनही रिपोर्टमध्ये नॉर्मल रेंजमध्ये दिसू शकतं. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी, औषधाला हात न लावता, शक्यतो दोन वेळा मोजून तुमचा स्वतःचा आकडा ठरवायचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा नियम असा आहे की रक्तपेशींमधलं एन्झाइम स्वतःच्या बेसलाइनच्या ७० टक्के किंवा त्याखाली आलं, किंवा प्लाझ्मामधलं, म्हणजे रक्ताच्या पातळ भागातलं, ६० टक्के किंवा त्याखाली आलं, की माणसाला त्या कामावरून काढतात आणि ८० टक्क्यांपर्यंत परत चढल्याशिवाय घेत नाहीत. बेसलाइनच नसेल तर ८० टक्के कशाचे काढणार?

पायरी ३: तुमच्या मालाला कुठली तपासणी लागते

बीपी आणि शुगर सगळ्यांचीच होते, ती करावीच, पण ती जनरल तपासणी आहे. मालाची तपासणी वेगळी असते.

शिसं. बॅटरी, स्मेल्टिंग, काही रंग, पीव्हीसीचे स्टॅबिलायझर. तपासणी म्हणजे रक्तातलं शिसं, सोबत हिमोग्लोबिन. रक्तातलं शिसं साधारण मागच्या एकदोन महिन्यांची गोष्ट सांगतं, हाडात गेलेलं मात्र वर्षानुवर्षं राहतं. पोटात कळा, बद्धकोष्ठ, चिडचिड, थकवा, मनगटात जोर न राहणं, ही लक्षणं यायला लागली म्हणजे आधीच उशीर झालाय. आणि इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, कामाचे कपडे घरी नेऊ नका. कपड्यांवरची धूळ घरात जाते आणि रांगणारं मूल ती तोंडात घालतं. डब्ल्यूएचओ म्हणते की रक्तात ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर किंवा जास्त निघालं तरी शिसं कुठून येतंय ते शोधा, आणि मुलांसाठी सुरक्षित असा आकडा नाहीच. बाईमाणूस पॅकिंगला असेल आणि दिवस गेल्याची शंका असेल तर पाळी चुकल्या चुकल्या ओएचसीत सांगा, तीन महिने थांबू नका.

क्रोम प्लेटिंग. इथे महागड्या टेस्टच्या आधी टॉर्च लागतो. प्लेटिंगच्या टाकीतून क्रोमिक अॅसिडचं धुकं निघतं, ते नाकाच्या मधल्या पडद्यावर बसतं, आधी पाणी येतं, मग खपली, मग रक्त, आणि शेवटी पडद्याला आरपार भोक, तेही बहुतेकदा न दुखता. मी स्वतः बघितलेला माणूस नाकाने श्वास घेतला की शिटीसारखा बारीक आवाज यायचा, बायकोने विचारलं म्हणून दाखवायला आला. एका नाकपुडीत टॉर्च धरला तर दुसऱ्या नाकपुडीतून उजेड दिसत होता. नऊ वर्षं टाकीवर काम, दर वर्षी फिट, आणि नाकात एकदाही कुणी बघितलं नव्हतं. हातावर पण बारीक गोल खोल जखमा होतात, कडा जाड आणि मधे खड्डा, त्यांना क्रोम होल म्हणतात. प्लेटिंगमध्ये असाल तर दर आठवड्याला आरशात स्वतःचं नाक आणि हात बघा आणि खपली दिसली की त्याच दिवशी नोंद करून घ्या.

अॅनिलीन आणि नायट्रो कंपाउंड. डाय इंटरमिजिएटच्या, म्हणजे रंगाचा कच्चा माल बनवणाऱ्या, प्लांटवर हा माल भरपूर. तो चामडीतून आत जातो, मास्क कितीही चांगला असला तरी शर्ट ओला झाला तर संपलं. रक्तातलं हिमोग्लोबिन बदलतं आणि ऑक्सिजन वाहून नेत नाही, ओठ आणि नखं निळी पडतात, रक्त चॉकलेटी दिसतं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतं, माणूस जास्त बिघडलेला असला तरी ते ८५ च्या आसपास अडकून राहतं, म्हणून त्याच्यावर विसंबू नका, मेथहिमोग्लोबिनची, म्हणजे त्या बदललेल्या हिमोग्लोबिनची, टेस्ट सांगा. पहिलं काम म्हणजे सगळे कपडे काढून साबणपाण्याने आंघोळ, केसांसकट, नखांसकट. त्या दिवशी दारूला हात नाही, दारूने त्रास वाढतो. आणि या प्लांटवर जॉइन होतानाच जी-सिक्स-पीडीची रक्ततपासणी मागा. हे एन्झाइम ज्यांच्यात कमी असतं त्यांना असला माल जास्त बाधतो आणि यावरचं मेथिलिन ब्लूचं इंजेक्शनही त्यांना उलटू शकतं, तर अपघाताच्या रात्री डॉक्टरला ते आधीच माहीत असलेलं बरं. बेंझिडीन, बीटा नॅफ्थिलअमाइन असल्या जुन्या रंगाच्या मालात कधी काम केलं असेल तर लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरचा धोका पुढे कित्येक वर्षं राहतो, त्यासाठी लघवीची सायटॉलॉजी, म्हणजे लघवीतल्या पेशींची तपासणी, असते, आणि न दुखता लघवीतून रक्त गेलं तर मूळव्याध असेल म्हणून घरी बसू नका.

आयसोसायनेट, म्हणजे टीडीआय, एमडीआय. पीयू फोम, काही पेंट. यात एकदा अॅलर्जी बसली की नंतर नावापुरता वास पण दम लावतो, मग डोस कमी करून भागत नाही, ते काम सोडावंच लागतं. रात्री खोकला, सुट्टीत बरं, कामावर परत आलं की पुन्हा सुरू, असं होत असेल तर पीक फ्लो मीटर घ्या. प्लास्टिकचं साधं यंत्र आहे, औषधाच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतं. दिवसातून चार वेळा फुंकून आकडा लिहायचा, असे दोन ते चार आठवडे, सुट्टीचे दिवस धरून. तो कागद डॉक्टरसमोर ठेवला की कामाचा आणि दम्याचा संबंध डोळ्यांना दिसतो.

सिलिकाची धूळ, म्हणजे फाउंड्री, सँड ब्लास्टिंग, दगडाचे क्रशर. छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुस मोजायची तपासणी. एक्स-रे वाचायची आयएलओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, ठरलेली पद्धत आहे, नुसतं नॉर्मल चेस्ट लिहिलेलं पुरत नाही, आयएलओ प्रमाणे वाचलाय का ते विचारा. सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर धरतो आणि गावाकडे बऱ्याच वेळा नुसता टीबी समजून औषध सुरू होतं, म्हणून टीबीच्या डॉक्टरला धुळीचं काम आधी सांगा, न विचारता सांगा.

सॉल्व्हंटमध्ये बेंझीन असेल तर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, प्लेटलेटसकट, दर वेळचे आकडे जोडून. टोल्युईन, झायलीन असेल तर शिफ्ट संपतानाची लघवी. आवाजाच्या ठिकाणी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं त्याची तपासणी.

पायरी ४: सॅम्पल देताना काय सांभाळायचं

इथे चांगल्या चांगल्या लॅबचे रिपोर्ट फुकट जातात. कंपनीत मेडिकल व्हॅन येते, दोन दिवसांत तीनशे माणसं उरकायची असतात, सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आत सगळ्यांच्या डब्या भरून नेतात. आता सॉल्व्हंटचा माल अंगातून काही तासांत बाहेर पडतो, सकाळी रिकाम्या पोटी घेतलेल्या लघवीत काय सापडणार? सॉल्व्हंटसाठी शिफ्ट संपताना, क्रोमसाठी आठवड्याच्या शेवटच्या शिफ्टनंतर. शिशाला वेळेचं एवढं नाही पण हात स्वच्छ पाहिजे, दंडावर धूळ असताना सुई टोचली तर ती धूळच ट्यूबमध्ये जाते, म्हणून आंघोळ करून, घरच्या कपड्यात, कामावर जाण्याआधी द्या.

खाण्याचं पण आहे. आपण कोकणातली माणसं, बोंबील आणि सुरमईशिवाय जेवण जात नाही, पण लघवीतलं आर्सेनिक मोजायचं असेल तर तीनचार दिवस मासे, कोळंबी, तिसऱ्या बंद. माशांत बिनविषारी प्रकारचं आर्सेनिक असतं आणि ते टोटलमध्ये धरलं जातं, मग आकडा उगाच चढतो. टोल्युईनसाठी हिप्युरिक अॅसिड बघत असतील तर आदल्या दिवसापासून बाटलीतलं कोल्ड्रिंक, सॉस, तयार लोणचं नको, त्यातलं सोडियम बेंझोएट शरीरात जाऊन तेच अॅसिड बनतं. आणि डबी भरायच्या आधी दोन लिटर पाणी पिऊन येऊ नका, लघवी फार पातळ झाली की सॅम्पल बाद होतं, म्हणून रिपोर्टवर क्रिएटिनिन लिहिलंय का तेही बघा, लघवी किती पातळ होती ते त्यावरून कळतं.

स्पायरोमेट्रीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण ही तपासणी पूर्ण तुमच्या फुंकण्यावर आहे. नाकाला चिमटा, ओठ नळीभोवती घट्ट, छाती भरून श्वास, आणि मग एका दमात सगळी हवा बाहेर, सुरुवात जोरात, आणि संपली असं वाटलं तरी फुंकत राहायचं, सहा सेकंद तरी. बाजूला उभा असलेला माणूस ओरडत असतो फुंका फुंका फुंका अजून अजून, लाज वाटते, लाइनमधले हसतात, आणि नवीन माणूस दोन सेकंदांत सोडून देतो. असा अर्धवट फुंकलेला रिपोर्ट काढून माझ्या कपाटात ठेवलेली कितीतरी पानं होती, त्यांचा काही उपयोग नव्हता. नीट जमलेले तीन फुंक लागतात आणि त्यातले सगळ्यात चांगले दोन एकमेकांच्या जवळ पाहिजेत, १५० मिलीलिटरच्या आत. जमलं नाही तर परत मागा, टेक्निशियन वैतागला तरी मागा. तासभर आधी बिडी सिगारेट नको, पट्टा सैल करा.

ऑडिओमेट्रीच्या आधी चौदा तास मोठ्या आवाजापासून लांब राहायचं, म्हणजे नाईट करून सकाळी कान तपासायला बसू नका.

पायरी ५: रिपोर्ट हातात घ्या आणि ओळीत मांडा

रिपोर्ट दाखवून परत घेतात, किंवा नोटीस बोर्डावर फिट लोकांची यादी लागते, झालं. फिट हा शब्द तुमच्या फाईलला पुरत नाही. प्रत्येक टेस्टची कॉपी अर्ज देऊन मागा, मराठीत चार ओळींचा साधा अर्ज, तारीख टाकून, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कॉपी नाहीच म्हणाले तर निदान वहीत आकडा उतरवा, तारीख आणि लॅबसकट.

मग एका पानावर सगळी वर्षं खाली खाली लिहा. शिशाच्या प्लांटवरच्या एका माणसाचं पान मला अजून आठवतं, चार तपासण्या, रक्तातलं शिसं ११, १८, २७, ३६ मायक्रोग्रॅम. लॅबच्या रेंजमध्ये ४० पर्यंत चालतं असं छापलेलं, म्हणून चारही वेळा नॉर्मल. एकेक कागद बघितला तर खरंच नॉर्मल, पण ओळीत ठेवल्यावर कुणालाही दिसेल की पुढच्या वेळी काय होणार आहे. शोधल्यावर निघालं की त्याच्या भट्टीवरचा एक्झॉस्ट हुड महिनोन्महिने वाकडा होता आणि धूर त्याच्या तोंडाकडे येत होता. हुड सरळ केला, त्याला तीन महिने दुसरीकडे ठेवलं, आकडा उतरला. अमेरिकेच्या १९७८ च्या नियमात ६० झाल्यावर माणसाला बाजूला काढायचं होतं, आजचे डॉक्टर एवढी वाट बघणं चूक मानतात, २० च्या वर गेलं की कारण शोधायला लागा असंच मी सांगेन.

फुफ्फुसाचं पण तसंच. वय वाढतं तसं एफईव्ही वन, म्हणजे पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा, दर वर्षी पंचवीसतीस मिलीलिटरने कमी होणारच. पण वर्षभरात तुमच्याच जुन्या आकड्यापेक्षा १५ टक्के खाली आलं तर रिपोर्टवर नॉर्मल लिहिलं असलं तरी डॉक्टरांपुढे दोन्ही कागद ठेवा.

पायरी ६: आकडा चढला तर

आधी हे ऐका. गूळ खाल्ल्याने धूळ फुफ्फुसातून निघत नाही आणि दूध प्यायल्याने शिसं धुतलं जात नाही. धुळीच्या ठिकाणी गूळ आणि रंगाच्या ठिकाणी दूध वाटायची पद्धत जुनी आहे, खायला दोन्ही चांगलं, खा, पण एक्झॉस्ट बंद असताना गुळाचा खडा देऊन कुणी तुमची समजूत काढत असेल तर मानू नका. तसंच शिसं उतरवायच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेत त्याच भट्टीवर उभं राहणं धोक्याचं आहे, औषध चालू असताना माणूस त्या जागेवर नको.

तर क्रम असा. पंधरा दिवसांत टेस्ट परत, नीट सॅम्पल देऊन. त्याच जागेवरच्या दुसऱ्या माणसांचेही आकडे बघायला डॉक्टरांना सांगा, तिघांचे चढले असतील तर दोष जागेचा आहे. सेफ्टी कमिटीत तुमचा जो प्रतिनिधी असेल त्याला लेखी द्या. हवेतलं प्रमाण मोजायला सांगा. मास्कची कार्ट्रिज, म्हणजे हवा गाळणारी डबी, शेवटची कधी बदलली ते बघा, वास यायला लागला म्हणजे ती संपलीय. दाढी असेल तर हाफ मास्क चेहऱ्याला बसत नाही, हे पण तपासा. आणि काम बदलून मागा. अनफिट म्हटलं म्हणजे नोकरी गेली असं नसतं, धोक्याच्या प्रक्रियेतून काढून दुसऱ्या कामावर ठेवायची तरतूद नियमांत आहे. कंपनीच्या डॉक्टरचा निर्णय पटला नाही तर सर्टिफाइंग सर्जनकडे, नव्या कोडमध्ये ज्याला मेडिकल ऑफिसर म्हटलंय त्याच्याकडे, जाता येतं. तो औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा, ज्याला सगळे डिश म्हणतात, त्यांचा डॉक्टर असतो.

शिशाची विषबाधा, क्रोमच्या जखमा, सिलिकोसिस, असे आजार कायद्याच्या यादीत आहेत आणि ते सापडले की कळवणं कंपनीवर आणि तपासणाऱ्या डॉक्टरवर दोघांवर बंधनकारक आहे, तुमचा गावातला डॉक्टरसुद्धा त्यात आला. तज्ज्ञ कुठे मिळेल तर कंपनीच्या डॉक्टरकडे एएफआयएच आहे का बघा, तो कारखान्याच्या डॉक्टरांसाठीचा तीन महिन्यांचा कोर्स आहे. मुंबईत सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे.

पायरी ७: ठेकेदाराकडे असाल तर

बहुतेक नवीन पोरं ठेकेदाराकडेच असतात, आणि ड्रम चार्जिंग, टाकी साफसफाई, बॅग फोडणं, म्हणजे सगळ्यात जास्त माल अंगावर येणारं काम त्यांच्याकडेच. तपासणीच्या यादीत मात्र नाव नाही. कायद्यात तपासणी कामगाराची सांगितलीय, पगार कोण देतो यावर ती ठरत नाही. ठेकेदाराला विचारा, कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरलाही विचारा, दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात म्हणून दोघांनाही लेखी द्या. गेटपास, पगाराची स्लिप, ईएसआयचा नंबर, सेफ्टी ट्रेनिंगच्या कागदाचा फोटो, सगळं जपा. उद्या आजार निघाला तर तुम्ही त्या प्लांटवर होता हे दाखवायला दुसरं काही नसतं. सहा महिन्यांनी ठेकेदार बदलला आणि नवीन कार्ड मिळालं तरी जुनं टाकू नका, ईएसआयच्या यादीतल्या कित्येक आजारांना सलग सहा महिन्यांचं काम दाखवावं लागतं.

पायरी ८: सोडताना आणि त्यानंतर

हिशोब घेताना सगळ्यांचं लक्ष पीएफ आणि ग्रॅच्युइटीकडे. त्याच दिवशी एक्झिट मेडिकल मागा. जॉइनिंगला ज्या टेस्ट झाल्या त्याच परत, आणि स्पायरोमेट्री, एक्स-रे नक्की, एक्स-रेची सीडी किंवा फिल्म घरी घेऊन या, नुसता रिपोर्टचा कागद नको. अॅस्बेस्टॉससारख्या मालाचा आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी पण येतो. म्हणून तर सुप्रीम कोर्टाने १९९५ साली अॅस्बेस्टॉसच्या खटल्यात सांगितलं की कामगाराचं हेल्थ रेकॉर्ड कामाला लागल्यापासून निदान ४० वर्षं किंवा काम सोडल्यापासून १५ वर्षं, यात जे उशिरा संपेल तोवर ठेवा. पण मी स्वतः बघितलंय, कंपनी बंद पडली, शेडला कुलूप, आणि पावसाळ्यात कपाटातल्या फायलींचा लगदा. कुणाकडे मागणार?

नंतर आजार निघालाच तर ईएसआयमध्ये असाल तर तिथे अर्ज, त्यांचं स्पेशल मेडिकल बोर्ड ठरवतं की आजार धंद्यातला आहे की नाही, आणि ईएसआयमध्ये नसाल तर कामगार नुकसान भरपाईचा दावा. दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच असतो, कशात काम केलं, कधीपासून कधीपर्यंत, आणि त्या वेळचे रिपोर्ट कुठे आहेत.

तर वही, एसडीएसच्या दोन पानांचे प्रिंट, सगळ्या रिपोर्टच्या कॉपी, पोच असलेले अर्ज, गेटपास आणि एक्स-रेची सीडी एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा, जमिनीवरच्या ट्रंकेत ठेवू नका, पाणी शिरतं, वर माळ्यावर किंवा देवघराच्या कपाटात ठेवा. प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरच्या अजून एका माणसाच्या फोनवर पाठवा. आणि पिशवी कुठे आहे ते बायकोला, आईला किंवा भावाला आज रात्रीच दाखवून ठेवा.